पहिल्यांदाच ग्रामपंचायतीत आलेल्या ताईंसाठी

ताई, निफाड तालुक्यातून पहिल्यांदाच सदस्य झालात, मनापासून अभिनंदन! सुरुवातीला थोडंच धरा, पण घट्ट धरा.

ग्रामसभेत 'बघू' म्हणू नका. लोक त्याला होकार समजतात. पहिल्या वर्षी मी एका गल्लीला गटाराबद्दल 'बघू' म्हणाले, ते वर्षभर अंगलट आलं. 'चौकशी करून मंगळवारी सांगते' म्हणा, आणि मंगळवारी सांगाच, उत्तर नकार असलं तरी.

इतिवृत्तात ठराव नीट उतरलाय का, हे स्वतः वाचल्याशिवाय सही नाही. कोऱ्या पानावर तर कधीच नाही.

1958चा ग्रामपंचायत अधिनियम रोज दोन पानं वाचा, हातात पेन्सिल घेऊन. नाशिकला आलात की 1840 पासूनच्या सार्वजनिक वाचनालयात जाऊन या.

अंदाजपत्रकाचे बारकावे सध्या राहू द्या. अडलं की हक्कानं विचारा.