घरच्या मीडिया सर्व्हरवरून थेट टीव्ही पाहणं आणि रेकॉर्ड करणं जमतं का? सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: घरी जुन्या संगणकावर जेलीफिन हे मीडिया सर्व्हरचं सॉफ्टवेअर चालू आहे, त्यावर चित्रपट आणि फोटो आहेत. आता त्याच सर्व्हरवरून थेट टीव्हीही सगळ्या खोल्यांत दिसावा आणि आईवडिलांचे कार्यक्रम आपोआप रेकॉर्ड व्हावेत. त्यासाठी जेलीफिन ठेवावं की प्लेक्स हे तसंच दुसरं सॉफ्टवेअर घ्यावं, ट्यूनर (प्रक्षेपणातून वाहिनी पकडणारं उपकरण) कोणता घ्यावा आणि जुना संगणक पुरेल का?

जमतं, आणि चांगलं जमतं. माझ्याकडे ही व्यवस्था बरीच वर्षं रोज चालू आहे. पण तुम्ही आधी सॉफ्टवेअरचं विचारलंत, मग ट्यूनरचं, आणि अँटेनाचा उल्लेखही केला नाहीत. माझं उत्तर याच्या उलट क्रमाने आहे. रेकॉर्डिंग चांगलं होतं की नाही हे ठरतं दोन गोष्टींवर: भिंतीतून येणाऱ्या केबलमधला सिग्नल आणि कार्यक्रमांच्या वेळापत्रकाची अचूकता. सॉफ्टवेअर नंतर कधीही बदलता येतं.

सिग्नलपासून सुरू करू, कारण इथेच सगळ्यात जास्त लोक अडकतात. डिजिटल टीव्हीचा प्रवाह १८८ बाइटांच्या लहान लहान पाकिटांमधून येतो. प्रत्येक पाकिटावर ० ते १५ असा फिरता क्रमांक असतो. ७ नंतर थेट ९ आला की मधलं पाकीट गळालं हे रिसीव्हरला कळतं. टीव्ही अशा वेळी क्षणभर चित्राचे चौकोन दाखवतो आणि पुढे जातो. आपण समोर बसलेलो असतो, म्हणून तेवढं खपवून घेतो. पण रेकॉर्डिंगमध्ये ती गळती कायमची राहते. नंतर ती फाइल सर्व्हर दुसऱ्या रूपात बदलायला घेतो, तेव्हा तिथेच आवाज आणि चित्र एकमेकांपासून सुटतात किंवा प्लेअर अडकून बसतो. मग आपण सर्व्हरला दोष देत राहतो. मी स्वतः दोन शनिवार-रविवार सर्व्हरच्या सेटिंगमध्ये घालवले होते. दोष निघाला केबलच्या टोकाला असलेल्या ढिल्या कनेक्टरचा.

म्हणून ट्यूनर बसवल्यावर पहिल्यांदा त्याचे आकडे बघा. सिग्नलची ताकद एवढंच बघून भागत नाही. सिग्नल आणि गोंगाट यांचं गुणोत्तर, म्हणजे एसएनआर, आणि दुरुस्त न झालेल्या चुकांची संख्या हे दोन आकडे खरं काय ते सांगतात. ताकद भरपूर आणि चुकाही भरपूर असं दिसलं, तर बहुधा अ‍ॅम्प्लिफायर गरजेपेक्षा जास्त जोर लावतोय आणि ट्यूनर गुदमरतोय. ताकद कमी असेल तर मध्ये किती स्प्लिटर आहेत ते मोजा. दोन वाटांचा साधा स्प्लिटर प्रत्येक वाटेवर सुमारे ३.५ डेसिबल खातो, म्हणजे निम्म्याहून जास्त शक्ती तिथेच जाते. अ‍ॅम्प्लिफायर लावायचाच असेल तर तो अँटेनाजवळ लावा. लांब केबलच्या या टोकाला, टीव्हीच्या मागे लावलेला अ‍ॅम्प्लिफायर केबलमध्ये शिरलेला गोंगाटही तेवढाच मोठा करतो.

डिश असेल तर आणखी एक गोष्ट आधीच समजून घ्या. युनिव्हर्सल एलएनबीच्या (डिशच्या तोंडाशी बसवलेल्या रिसीव्हरच्या) एका केबलमधून एका वेळी सगळ्या वाहिन्या येत नाहीत. ट्यूनर १३ किंवा १८ व्होल्ट देऊन उभं की आडवं ध्रुवीकरण निवडतो आणि २२ किलोहर्ट्झचा सूर देऊन वरचा की खालचा पट्टा निवडतो. म्हणजे चार गटांपैकी एकच गट त्या केबलमधून खाली येतो. अशी एक केबल स्प्लिटरने दोन ट्यूनरना वाटली, तर एकाने गट बदलला की दुसऱ्याचं रेकॉर्डिंग तुटतं. दोन ट्यूनरना दोन स्वतंत्र केबल हव्यात, म्हणजे दोन किंवा चार तोंडांची एलएनबी हवी.

आता ट्यूनर. आपल्याकडे प्रक्षेपण कोणत्या पद्धतीचं आहे ते आधी बघा: डीव्हीबी-टी२ (अँटेना), डीव्हीबी-एस२ (डिश), डीव्हीबी-सी (केबल), किंवा काही देशांत वापरात असलेल्या एटीएससी आणि आयएसडीबी. एका पद्धतीचा ट्यूनर दुसरीला चालत नाही. त्यानंतर ट्यूनर संगणकात बसणारा हवा की नेटवर्कवरचा, ते ठरवा. माझा कल नेटवर्कवाल्याकडे आहे. एचडीहोमरनसारखा डबा जिथे अँटेनाची केबल घरात येते तिथेच ठेवायचा आणि राउटरला जोडायचा. सर्व्हर दुसऱ्या खोलीत असला तरी बिघडत नाही, लांब केबल ओढावी लागत नाही, आणि जेलीफिन, प्लेक्स आणि त्याच प्रकारचं एम्बी या तिघांनाही तो ओळखता येतो. संगणकात बसणारं कार्ड किंवा यूएसबी ट्यूनर घेणार असाल तर लिनक्सच्या कर्नलमध्ये (गाभ्यात) त्या नेमक्या मॉडेलचा ड्रायव्हर आहे ना, हे खरेदीआधी तपासा. एकाच नावाने विकल्या जाणाऱ्या ट्यूनरच्या आतली चिप मधूनच बदललेली असते, तेव्हा डब्यावरच्या नावावर जाऊ नका, आवृत्तीचा क्रमांक बघा.

किती ट्यूनर लागतील? यातला एक मजेशीर भाग लोकांना सहसा माहीत नसतो. डिजिटल प्रक्षेपणात एकाच फ्रिक्वेन्सीवर अनेक वाहिन्या एकत्र बांधून पाठवतात. या गठ्ठ्याला मक्स म्हणतात. ट्यूनर मुळात पूर्ण मक्स उचलतो. टीव्हीहेडएंड नावाचं एक मुक्त सॉफ्टवेअर याचा फायदा घेतं: हव्या असलेल्या तीन वाहिन्या एकाच मक्सवर असतील तर एका ट्यूनरवर तिन्ही एकाच वेळी रेकॉर्ड करतं. म्हणून माझ्या घरी ट्यूनर सांभाळणं, वेळापत्रक आणि रेकॉर्डिंग हे टीव्हीहेडएंडकडे आहे, आणि जेलीफिन त्याच्याकडून घेऊन सगळीकडे दाखवतं. त्यासाठी जेलीफिनमध्ये प्लगइन आहे. सुरुवातीलाच एवढा पसारा नको असेल तर जेलीफिनचं स्वतःचं रेकॉर्डिंगही पुरतं.

प्लेक्स की जेलीफिन? प्लेक्समध्ये थेट टीव्ही आणि रेकॉर्डिंगसाठी प्लेक्स पास ही सशुल्क वर्गणी लागते, एम्बीत तशीच प्रीमियर लागते. जेलीफिन २०१८ च्या डिसेंबरमध्ये एम्बीपासून फुटून निघालं आणि त्यात हे सगळं विनाशुल्क आहे. प्लेक्सची मांडणी जास्त नीटनेटकी आहे, हे मान्य करायला हवं. पण तुमच्याकडे जेलीफिन आधीच चालू आहे. ते बदलण्याचं मला एकही कारण दिसत नाही.

वेळापत्रक, म्हणजे गाइड. जेलीफिनला ते एक्सएमएलटीव्ही (वेळापत्रक लिहिण्याची एक ठरलेली पद्धत) फाइलमधून मिळतं, किंवा जिथे ती सेवा उपलब्ध आहे तिथे शेड्यूल्स डायरेक्टकडून. प्रक्षेपणातच मिसळून येणारं वेळापत्रक टीव्हीहेडएंड वाचू शकतं. डीव्हीबीत ते अनेकदा आठवडाभराचं मिळतं. एटीएससीत मात्र किमान १२ तासांचंच पाठवायचं बंधन आहे, तेवढ्यावर आठवड्याचं रेकॉर्डिंग लावता येत नाही. एक्सएमएलटीव्हीत प्रत्येक वेळेच्या शेवटी स्थानिक वेळेचा फरक लिहिलेला असतो. तो नसेल किंवा चुकीचा असेल तर सगळे कार्यक्रम काही तासांनी पुढे-मागे सरकतात आणि बातम्यांच्या जागी भलतंच काही रेकॉर्ड होतं. गाइड जोडल्यावर चालू कार्यक्रम पडद्यावर दिसतोय तोच आहे का, हे चार वाहिन्यांवर ताडून पाहा. मालिका रेकॉर्ड करताना आणखी एक खाचखळगा आहे. एक्सएमएलटीव्हीच्या एका क्रमांक-पद्धतीत मोजणी शून्यापासून सुरू होते, म्हणजे तिथे ०.४ लिहिलं असेल तर तो पहिल्या पर्वाचा पाचवा भाग असतो. हे ठाऊक नसलं की भाग चुकलाय असं वाटतं आणि आपण उगाच दुरुस्त करत बसतो.

आता ज्या गोष्टीचं मला अजूनही वाईट वाटतं ती सांगतो. १४ जुलै २०१९. विम्बल्डनमध्ये जोकोविच आणि फेडरर यांचा अंतिम सामना, आणि त्याच दिवशी लॉर्ड्सवर क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना. मला घराबाहेर जाणं भाग होतं. दोन ट्यूनर होते, दोन्ही सामने लावून निघालो. टेनिसचा सामना ४ तास ५७ मिनिटं चालला, पाचव्या सेटमध्ये १२-१२ झाल्यावर टायब्रेकवर सुटला. क्रिकेटचा सामना बरोबरीत सुटला, सुपर ओव्हरही बरोबरीत सुटली. माझ्या दोन्ही फायली त्याआधीच संपल्या होत्या, कारण गाइडमध्ये दिलेल्या वेळेपुढे मी फक्त पाच मिनिटं ठेवली होती. सॉफ्टवेअरने सांगितलं तेवढं काम चोख केलं होतं.

तेव्हापासून माझा नियम असा: साध्या कार्यक्रमाला आधी ३ आणि नंतर १० मिनिटं जास्त, खेळाला नंतर किमान दोन तास, आणि अंतिम सामना असेल तर त्याच वाहिनीवरचे पुढचे दोन कार्यक्रमही रेकॉर्डिंगला लावून ठेवायचे. नको असलेली फाइल पुसायला क्षणभर लागतो, हुकलेलं षटक परत मिळत नाही. काही प्रक्षेपक कार्यक्रम खरोखर सुरू झाल्याची आणि संपल्याची खूण प्रवाहातच पाठवतात आणि टीव्हीहेडएंडला ती पाळायला सांगता येतं. पण तुमची वाहिनी ती खूण वेळेवर पाठवते का, हे काही दिवस पाहूनच तिच्यावर विसंबा. आणि एक लक्षात ठेवा: एकाच वाहिनीवरचे लागोपाठचे दोन कार्यक्रम या जास्तीच्या मिनिटांमुळे एकमेकांवर चढतात, तेव्हा काही व्यवस्थांमध्ये त्या थोड्या वेळासाठी दुसरा ट्यूनर अडकतो.

जागेचा हिशेब सोपा आहे. ८ मेगाबिट प्रति सेकंद म्हणजे सेकंदाला १ मेगाबाइट, तासाला ३.६ गिगाबाइट. १ टेराबाइटमध्ये असे सुमारे २७७ तास मावतात. डिस्कच्या वेगाची चिंता करू नका, चार रेकॉर्डिंग एकदम चालली तरी साध्या हार्ड डिस्कला ते सहज झेपतं. फक्त रेकॉर्डिंगची डिस्क आणि ज्या डिस्कवर सर्व्हर चालतो ती वेगळी ठेवा, म्हणजे रेकॉर्डिंगने जागा भरली तरी सर्व्हर बंद पडणार नाही. मूळ फाइल टीएस प्रकारची, म्हणजे आलेला प्रवाह तसाच साठवलेली असते. जपून ठेवायची असेल तर एफएफएमपेग या मुक्त साधनाने ती नुसती एमकेव्ही या फाइल-प्रकाराच्या वेष्टनात घाला. चित्र-आवाज जसेच्या तसे राहतात आणि काम मिनिटभरात होतं.

जुना संगणक पुरेल का? रेकॉर्डिंगला अगदी आरामात पुरेल, कारण आलेला प्रवाह तसाच लिहून ठेवायचा असतो. कस लागतो तो पाहताना. बरेच थेट प्रक्षेपण अजून इंटरलेस्ड असतं, म्हणजे एका वेळी चित्राच्या एक सोडून एक ओळी येतात. टीव्ही त्या नीट जुळवतो. फोनवर किंवा ब्राउझरमध्ये मात्र धावणाऱ्या माणसाच्या कडांना कंगव्याचे दात दिसतात, आणि ते घालवायचं काम सर्व्हरवर येतं. इंटेलचा प्रोसेसर असेल आणि त्यात क्विक सिंक ही व्हिडिओ रूपांतराची सोय असेल (ती २०११ मध्ये आली), तर हा भार ग्राफिक्सच्या भागाकडे देता येतो. पण फार जुन्या पिढीचा असेल तर त्याच्याकडून एकाच वेळी तीन पडद्यांची अपेक्षा धरू नका. जेलीफिनमध्ये डीइंटरलेस करताना, म्हणजे हे दात घालवताना, फ्रेमची संख्या दुप्पट करण्याचा पर्याय आहे. खेळासाठी तो जरूर चालू करा, चेंडूची हालचाल एकदम सरळ होते.

आईवडिलांच्या टीव्हीसाठी मी वेगळा मार्ग सुचवेन. तिथे कोडी हे टीव्हीवर चालणारं प्लेअर सॉफ्टवेअर बसवा आणि ते थेट टीव्हीहेडएंडला जोडा. ब्राउझरमध्ये किंवा फोनवर वाहिनी बदलली की काही सेकंद थांबावं लागतं, कारण सर्व्हर प्रवाहाचे तुकडे तयार करून पाठवतो. कोडीत प्रवाह जसा आहे तसा येतो, त्यामुळे वाहिनी बरीच लवकर बदलते. रिमोट हातात घेऊन वाहिन्या फिरवणाऱ्या माणसाला तेवढा फरक फार मोठा असतो. तो टीव्ही वायफायऐवजी तारेने जोडता आला तर आणखी बरं.

सांकेतिक, म्हणजे पैसे भरून उघडणाऱ्या वाहिन्यांचं काय? त्या तुमच्या सेवादात्याने परवानगी दिलेल्या कार्डाने आणि उपकरणानेच उघडतात, आणि बहुतेक वेळा सर्व्हरपर्यंत येत नाहीत. या खर्चात पडण्याआधी तुमच्या घरच्यांच्या आवडीच्या वाहिन्यांपैकी किती मुक्त आहेत त्याची यादी करा. निम्म्याच असतील तर हा खटाटोप त्यांच्यासाठी अपुरा ठरेल. जाहिराती वगळायच्या असतील तर कॉमस्किप हे सॉफ्टवेअर आहे. काळी फ्रेम, शांतता आणि वाहिनीचं चिन्ह गायब होणं यावरून ते अंदाज बांधतं. पण त्याला फाइल कापू देऊ नका, फक्त खुणा करू द्या. त्याचा अंदाज चुकतो तेव्हा नेमका महत्त्वाचा प्रसंग जातो.

सुरुवात अशी करा: आधी एकच ट्यूनर घ्या आणि सर्व्हरला न जोडता आठवडाभर नुसत्या व्हीएलसी या प्लेअरमध्ये वाहिन्या पाहा, सकाळी, रात्री आणि पाऊस पडत असतानाही. ते स्वच्छ चाललं की मग जेलीफिनला जोडा. अडलात तर इथेच प्रतिसादात लिहा, पण सोबत ट्यूनरचं मॉडेल, एसएनआरचा आकडा आणि मध्ये किती स्प्लिटर आहेत तेही द्या, म्हणजे मला नेमकं सांगता येईल.