इंग्रजीत माणसाला ‘एजी’ म्हणतात तेव्हा नेमका काय अर्थ असतो?

‘एजी’ म्हणजे मनावरच्या ताणामुळे अस्वस्थ, जरा काही झालं की दचकणारा किंवा खेकसणारा. ‘एज’ म्हणजे धार किंवा कड, त्यावरून हे विशेषण आलं. ‘ऑन एज’ हा वाक्प्रचारही त्याच अर्थाचा. ‘नर्व्हस’मध्ये नुसती धाकधूक असते, ‘एजी’त बहुतेकदा चिडचिडही मिसळलेली असते. निकालाची वाट पाहणारा माणूस फोन वाजला की दचकतो आणि ‘काय झालं?’ विचारणाऱ्यावरच डाफरतो, तो ‘एजी’. वाक्यात असं येईल: ‘शी वॉज एजी अबाउट द इंटरव्ह्यू.’ मात्र सिनेमा, विनोद किंवा कपड्यांना ‘एजी’ म्हटलं तर अर्थ पार बदलतो. तिथे चाकोरीबाहेरचं, धीट, थोडं बोचरं असं म्हणायचं असतं, आणि हल्ली तोच वापर जास्त कानावर पडतो.