झोपेत दात खाणं म्हणजे मनातला राग नव्हे

‘मॅडम, मी आतून कुणावर तरी खूप चिडलेली आहे आणि ते मलाच ठाऊक नाही, असं होऊ शकतं का?’

मेधाने खुर्चीत नीट टेकायच्या आधीच हा प्रश्न विचारला. (नाव आणि घरचे काही तपशील बदलले आहेत. लिहायला तिची परवानगी आहे.) वय ४१, एका पतसंस्थेत हिशेबाचं काम, घरी नवरा, सासूबाई आणि आठ वर्षांची मुलगी. महिन्यापूर्वी झोपेत तिच्या डाव्या दाढेचा कोपरा तुटला होता. सकाळी चूळ भरताना तुकडा बेसिनमध्ये पडला, तेव्हा तिला आधी तो रात्रीच्या जेवणातला खडा वाटला. दंतवैद्यांनी दाढ दुरुस्त केली, ‘तुम्ही झोपेत दात खाता, ताण कमी करा’ असं सांगितलं आणि माझ्याकडे समुपदेशनाला पाठवलं.

झोपेत दात खाणारी माणसं माझ्याकडे बरीच येतात. बहुतेकांना दातांची काळजी असते. मेधाला स्वतःच्या मनाची भीती वाटत होती.

त्याला कारण होतं घर. रात्री तिच्या तोंडून जात्यात खडे भरडल्यासारखा आवाज यायचा. नवरा सहा महिन्यांपासून हॉलमध्ये झोपत होता. सासूबाईंनी आधी जंताचं औषध दिलं. त्याने काही झालं नाही, तेव्हा त्या म्हणू लागल्या, ‘मनात काहीतरी धरून बसली आहे.’ नवऱ्यानेही एकदा वैतागून विचारलं, ‘रात्रभर दात-ओठ खात असतेस, माझ्यावर एवढा कसला राग आहे ते तरी सांग!’ तिला राग आठवेना. मग ती जपून वागायला लागली. भाजीत मीठ कमी झालं म्हणून कुणी बोललं की गप्प, नणंदेने न विचारता चार दिवस मुक्काम वाढवला तरी गप्प. आपण चिडलेले नाही हे घरच्यांना पटवायचं म्हणून तिने दिवसभर मूग गिळून बसायचं ठरवलं होतं.

रागावलेल्या माणसाला आपण ‘दात-ओठ खातोय’ म्हणतो. झोपेत दात वाजवणाऱ्यालाही ‘दात खातो’च म्हणतो. शब्द एकच, त्यामुळे दोन्हींचं मूळही एकच असं आपण न तपासता धरून चालतो. मीही धरलं होतं. पहिल्या दोन भेटी मी तिच्या दबलेल्या रागाच्या मागे घालवल्या. माहेर, लग्न, ऑफिसातलं राजकारण, सगळं विचारलं. त्या भेटींनंतर ती आणखी धास्तावली, कारण तज्ज्ञ बाईसुद्धा रागच शोधताहेत म्हणजे तो असणारच! याचं मला आजही वाईट वाटतं.

तिसऱ्या भेटीत मी पहिल्या दिवशी विचारायला हवे होते ते साधे प्रश्न विचारले. हे नक्की कधी सुरू झालं? त्या सुमाराला काय बदललं होतं? कुठली गोळी चालू आहे का? ती जरा थांबली. मग म्हणाली, ‘मनाच्या डॉक्टरांची गोळी चालू आहे. फॉर्ममध्ये लिहिली नव्हती.’ वर्षभरापूर्वी तिला छातीत धडधड आणि सतत काळजी असा त्रास सुरू झाला होता. मानसोपचारतज्ज्ञांनी सर्ट्रालिन दिलं, त्याने बराच आराम पडला. नवऱ्याला हे माहीत होतं, सासूबाईंना नव्हतं. गोळ्यांची पट्टी तिने स्वयंपाकघरात वरच्या फळीवर, साबुदाण्याच्या डब्यामागे ठेवली होती. तारखा जुळवल्या, तेव्हा गोळी सुरू झाल्यावर महिन्याभरातच नवऱ्याने पहिल्यांदा दातांबद्दल तक्रार केली होती असं दिसलं.

सर्ट्रालिन, फ्लुऑक्सेटिन, पॅरॉक्सेटिन या चिंता-नैराश्यावरच्या गटातल्या औषधांनी काही जणांना दात खाण्याचा त्रास सुरू होतो किंवा वाढतो. सगळ्यांना होत नाही. पण होऊ शकतो हे डॉक्टरांना माहीत असतं आणि त्यावर उपायही असतात. डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं किंवा जोडीला दुसरं देता येतं. हे सांगताना मी तिच्याकडून आधी एक वचन घेतलं की आपल्या मनाने गोळी बंद करायची नाही. ही औषधं एकदम थांबवली की चक्कर, मळमळ, डोक्यात वीज चमकल्यासारखं होणं, चिडचिड असे हाल होऊ शकतात, आणि मूळचा आजारही उलटू शकतो. मी तिच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली. त्यांनी तिला तपासून डोस हळूहळू कमी केला.

आता तिच्या मूळ प्रश्नाचं उत्तर. झोपेत आपली झोप अधूनमधून काही सेकंद उथळ होते. आपल्याला जाग येत नाही, पण मेंदू किंचित जागा होतो, हृदयाचे ठोके वाढतात आणि त्यापाठोपाठ जबड्याचे स्नायू आवळायला लागतात. झोपेच्या प्रयोगशाळेत याच क्रमाने नोंद होते. दात न वाजवणाऱ्या पुष्कळ लोकांचे जबडेही झोपेत असे हलतात. काहींमध्ये ही हालचाल जोरात आणि वारंवार होते, म्हणून दात घासले जातात. प्रौढांमध्ये साधारण दहा-बारा जणांत एकाला हे असतं. ताणाने ते वाढतं, हे खरं. पण संध्याकाळनंतरचा चहा-कॉफी, दारू, तंबाखू, घशाशी येणारं आम्ल, काही औषधं आणि घोरताना श्वास अडकणं यांनीही वाढतं. घरात हे कुणाला असेल तर आपल्यालाही असण्याची शक्यता जास्त. या सगळ्यात कुणावर राग आहे याचा पुरावा कुठेच नाही.

मी हे सांगितल्यावर मेधा बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने पदराने डोळे पुसले.

घोरण्याबद्दल इथेच सांगते. जोडीदार ‘आधी घोरतो, मग श्वास थांबल्यासारखा होतो, मग दचकून दात वाजतात’ असं सांगत असेल, सकाळी डोकं जड आणि दिवसा पेंग येत असेल, तर आधी झोपेची तपासणी करून घ्या. समुपदेशनाला नंतर या. असे एक गृहस्थ माझ्याकडे ताणावर बोलायला आले होते. त्यांना खरी गरज श्वासाच्या उपचारांची निघाली.

मेधाचं घोरणं नव्हतं. पण माझ्याशी बोलतानाही तिच्या कानाखालचा स्नायू गालातून टचटचताना दिसत होता. मी विचारलं, ‘आत्ता तुझे दात एकमेकांना लागलेत का?’ ती चपापली. लागले होते. वरचे-खालचे दात जेवताना आणि गिळतानाच टेकायला हवेत. एरवी ओठ मिटलेले, पण दातांमध्ये दोन-तीन मिलिमीटर फट, ही जबड्याची विसाव्याची जागा. मेधाला वाटायचं, तोंड मिटायचं म्हणजे दात मिटायचे. तिने आरशात जीभ पाहिली, तर कडेला दातांच्या खुणा ओळीने उमटलेल्या होत्या.

रात्रीचं दात खाणं मनाने थांबवता येत नाही. ते ठरवून होत नाही, म्हणून ठरवून थांबतही नाही. दिवसाचं आवळणं मात्र सोडवता येतं, आणि जबड्याचं पुष्कळसं दुखणं त्याने उतरतं. अडचण अशी की आवळलेलं कळतच नाही. कुठे कुठे आवळलं जातं ते तिला आठवडाभर टिपायला सांगितलं. यादी मजेशीर निघाली. ताळेबंद जुळत नसताना, गाडी सिग्नलला उभी असताना, कणीक मळताना, आणि सासूबाईंनी मागून हाक मारली की.

आठवण राहावी म्हणून मी रंगीत कागद चिकटवायला सांगणार होते. त्याआधीच ती म्हणाली, ‘टिकल्या चालतील?’ तिने ऑफिसच्या मॉनिटरच्या कोपऱ्यावर, गाडीच्या आरशावर, ओट्याच्या टाइल्सवर, मोबाइलच्या पाठीवर आणि देवघराच्या दारावर टिकल्या लावल्या. टिकली दिसली की तीनच गोष्टी करायच्या. दात सुटे करायचे. ‘न’ म्हणताना जिभेचं टोक वरच्या दातांमागे टाळूला जिथे लागतं तिथे अलगद टेकवायचं. खांदे सोडून एक लांब श्वास बाहेर टाकायचा. जबरदस्तीने तोंड उघडून ठेवायचं नाही, त्यानेही स्नायू थकतात. पहिल्या आठवड्यात प्रत्येक टिकलीला दात आवळलेलेच सापडायचे, म्हणून ती निराश झाली. मी म्हटलं, सापडतात हेच तर हवंय! सहाव्या आठवड्यात ‘कधीकधी आधीच सुटे असतात’ असं तिने सांगितलं.

जबड्यासाठी काही साध्या गोष्टीही केल्या. झोपण्याआधी कानापुढे आणि गालावर दहा-पंधरा मिनिटं गरम कापडाचा शेक. काही आठवडे चिक्की, कडक सुपारी, च्युइंगगम बंद. जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरायची. फोन मान वाकडी करून खांद्यात धरायचा नाही. संध्याकाळी पाचनंतर चहा नाही, ही अट तिला सगळ्यात जड गेली.

दंतवैद्यांनी मापाची कडक नाइट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर बसवायचं कवच, करून दिली. तिला वाटलं होतं, ती घातली की दात खाणं थांबेल. तसं नसतं. गार्ड झीज अंगावर घेते, दात वाचतात, आवाजही कमी होतो. सवय मात्र आत चालू राहू शकते. तोंड उघडताना-मिटताना जबड्याचा नुसताच कटकट आवाज येत असेल आणि दुखत नसेल, तर बहुधा काळजीचं कारण नसतं. पण तोंड मध्येच अडकत असेल किंवा आपलीच तीन बोटं उभी ठेवून तोंडात मावत नसतील, तर दंतवैद्यांना लवकर दाखवा. गुटखा-सुपारी खाणाऱ्याचं तोंड उघडणं कमी होत असेल आणि तिखटाने आग होत असेल, तर तो वेगळा, गंभीर आजार असू शकतो. त्याला दात खाण्याच्या नावाखाली ढकलू नका. आणि चालताना, जिना चढताना जबडा दुखत असेल आणि आपण थांबल्यावर ते दुखणं थांबत असेल, तर हृदयाच्या डॉक्टरांकडे जा.

मुलीचं तिने शेवटी, दबक्या आवाजात विचारलं. ‘तीही खाते मॅडम. माझ्यामुळे?’ लहान मुलांत हे मोठ्यांपेक्षा जास्त दिसतं आणि बहुतेकांचं वाढत्या वयात कमी होत जातं. जंतांशी त्याचा संबंध ठोसपणे दिसलेला नाही. जंताची गोळी मुलांना जरूर द्या, पण ती जंतांसाठी. मूल घोरत असेल, तोंडाने श्वास घेत असेल, तर मात्र नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना टॉन्सिल आणि नाकामागच्या गाठी पाहायला सांगा. मेधाच्या मुलीला यातलं काही नव्हतं. तिला ‘तूही चिडकी’ असं कुणी म्हणू नये, एवढंच मी सांगितलं.

नवऱ्याला मी एका भेटीला बोलावलं. तो समजूतदार माणूस, पण सहा महिने हॉलमधल्या दिवाणावर झोपून दुखावलेला. सगळं ऐकून त्याने विचारलं, ‘म्हणजे राग नाहीच?’ मी म्हटलं, ‘असेलही. संसारात कुणाला नसतो? पण तो तिच्या दातांवरून कळणार नाही. तिला दिवसा विचारा, आणि ती सांगेल तेव्हा पूर्ण ऐका.’ मेधाने त्याच खोलीत, त्याच्यासमोर, नणंदेच्या मुक्कामाचा विषय काढला. आवाज थरथरत होता. पण बोलताना तिचे दात सुटे होते, हे मी पाहिलं.

गोळीबद्दल सासूबाईंना सांगायचं की नाही हे तिच्यावर सोडलं. तिने अजून सांगितलेलं नाही. पट्टी डब्यामागेच आहे.

पाच महिन्यांनी ती आली तेव्हा गार्डची डबी सोबत होती. उजेडात धरून तिने दाखवलं, डाव्या बाजूला ओरखडे पडले होते, पण आधीच्या महिन्यापेक्षा कमी. सकाळी कानशिलं ठणकणं जवळजवळ थांबलं होतं. नवरा आठवड्यातले चार-पाच दिवस खोलीत झोपायला लागला होता. पुढची भेट तिने मार्चअखेर उरकल्यावरची मागितली. त्या महिन्यात पतसंस्थेत रात्री नऊपर्यंत काम असतं आणि चहाही वाढतो. तेव्हा आवाज पुन्हा वाढला तर दचकू नका, कशावर चिडलीस असं विचारू नका, असं मी तिच्या नवऱ्याला त्याच दिवशी फोन करून सांगून ठेवलं.