इस्लाममध्ये नेमकं काय मानतात आणि काय पाळतात? सोप्या भाषेत कोणी सांगेल का?

तुम्ही लिहिलंय की तुमचं वावर एका मुस्लिम कास्तकाराच्या वावराला लागून आहे, बोलणं-चालणं रोजचं, पण त्यांच्या धर्माचं विचारायला संकोच वाटतो. दर्ग्याचंही विचारलंय, आणि रोज्यात त्यांच्या घरी पाणी मागावं का, हेही. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातला, मुस्लिम, घरची शेती. मौलाना नाही, घरात शिकलो तेवढं सांगतो.

पाया एकच: अल्लाह एक आहे, त्याच्यासारखा दुसरा कोणी नाही, त्याची मूर्ती नाही की चित्र नाही. मुहम्मद पैगंबर त्याचे शेवटचे प्रेषित. ते देव नाहीत, माणूसच. त्यांच्या आधी इब्राहीम, मूसा, ईसा असे बरेच पैगंबर होऊन गेले आणि त्यांनाही मानावंच लागतं. शिवाय फरिश्ते, अल्लाहनं पाठवलेले ग्रंथ, कयामतच्या, म्हणजे जगाच्या शेवटच्या, दिवशीचा हिशोब आणि तकदीर, म्हणजे अल्लाहनं ठरवलेलं नशीब, हेही मानायचं. इसवी सन ६१० पासून पैगंबरांच्या निधनापर्यंत, म्हणजे ६३२ पर्यंत, जे उतरत गेलं ते कुरआन.

पाळायच्या मुख्य गोष्टी पाच. कलमा म्हणजे वरची श्रद्धा मनापासून बोलून दाखवणं. नमाज दिवसातून पाच वेळा, पहाटेच्या फजरपासून रात्रीच्या इशापर्यंत. त्याआधी हातपाय-तोंड धुऊन वुजू करायचा आणि मक्केकडे, म्हणजे आपल्याकडून मावळतीकडे, तोंड करायचं. मशीदच हवी असं नाही, धुऱ्यावर गमछा अंथरूनही होते. हज आयुष्यात एकदा, तीही ऐपत आणि तब्येत असेल तरच.

उरलेल्या दोन म्हणजे जकात आणि रोजा. जकात, म्हणजे गरिबांसाठी काढायचं ठरलेलं दान, याबद्दल जरा जास्त सांगतो, कारण कास्तकाराला ती पटकन कळते. साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीएवढी शिल्लक वर्षभर राहिली, तर तिच्यातले अडीच टक्के गरिबांचे. राहतं घर, कामाची बैलजोडी, अवजारं यावर जकात नाही. पिकाचा हिशोब मात्र वेगळा, त्याला उश्र म्हणतात. कोरडवाहू वावरात, नुसत्या पावसावर पिकलं तर दहावा हिस्सा. विहिरीचं पाणी ओढून ओलीत केलं तर विसावा. पाण्यासाठी घाम आणि पैसा गेला, म्हणून देणं निम्मं! खत-मजुरीचा खर्च आधी वजा करायचा की नाही, यावर उलेमांमध्ये, म्हणजे धर्माच्या जाणकारांमध्ये, मतभेद आहेत, आणि सोयाबीनचा भाव पडला की आमच्या घरातही! कुरआनात जकात कोणाला द्यायची ते आठ प्रकार सांगितलेत, त्यात कर्जात बुडालेला माणूसही येतो. आपल्या भागात हे वाचताना थांबायला होतं. स्वतःच्या आईबापाला, मुलाबाळांना किंवा बायकोला ती देता येत नाही. त्यांना पोसणं ही तशीही जबाबदारीच.

रोजा रमजानचा महिनाभर, पहाटेपासून सूर्य बुडेपर्यंत अन्न नाही, पाणी नाही. आमचं वर्ष निव्वळ चंद्राचं आणि त्यात अधिक महिना नाही, त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. २०१८ ला तो मे-जूनमध्ये आला होता. आपल्याकडचं ते ऊन तुम्हाला वेगळं सांगायला नको. आजारी, प्रवासी, गरोदर किंवा अंगावर पाजणारी बाई यांना सूट आहे, रोजे नंतर भरून काढता येतात. मला विचाराल तर तापात हट्टानं रोजा ठेवणाऱ्यांनी ही सूट घ्यावी.

दर्गा या पाचात येत नाही. सैलानी बाबा, गिरडचे शेख फरीद, नागपूरचे ताजुद्दीन बाबा यांच्याकडे हिंदू-मुस्लिम दोघंही जातात. काही मुस्लिम मात्र दर्ग्यावर जाणं चूकच मानतात. आमच्या घरात दोन्ही मतांची माणसं आहेत. मी जातो, फातिहा (कुरआनातला पहिला अध्याय) पढतो, पण मागणं अल्लाहकडेच.

आणि पाणी बिनधास्त मागा. घरातली लहान पोरं, म्हातारी माणसं दिवसा जेवतात, तेव्हा चूल काही बंद नसते. चहाही विचारतील. फक्त सूर्य बुडायच्या सुमारास गेलात, तर खजूर आणि भजी खाल्ल्याशिवाय ते तुम्हाला सोडणार नाहीत, एवढं ध्यानात ठेवून जा.