क्रूझला किती बॅगा न्यायच्या? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

दिवाळीची आणि मे महिन्याची बुकिंगं सुरू झाली की सामानाचे प्रश्न यायला लागतात. यावेळी आलेल्यातले सहा घेतलेत, थोडे कमीजास्त करून, कारण बऱ्याच जणांनी तेच वेगवेगळ्या शब्दांत विचारलंय.

आम्ही दोघं, ७ आणि ३ वर्षांची मुलं आणि सासूबाई, सिंगापूरहून ४ रात्रींच्या क्रूझला चाललोय, त्याआधी ३ रात्री हॉटेल. क्रूझवाले म्हणतात सामानाला लिमिट नाही. मग माणशी एक मोठी बॅग घेऊ का? (पुणे)

नका घेऊ. जहाजावर वजनाची फार कटकट नसते हे खरंय, पण जहाजापर्यंत तुम्ही जाणार विमानाने आणि टॅक्सीने, त्यामुळे लिमिट तिकडून ठरतं. सिंगापूरच्या साध्या टॅक्सीत ४च माणसं बसतात, तुम्ही पाच, म्हणजे मोठी गाडी लागणारच, त्यात पाच मोठ्या बॅगा आल्या की दुसरी गाडी करावी लागेल. आणि खिडकी नसलेली केबिन साधारण १५०-१८० चौरस फुटांची असते, त्यात बेड, कपाट, बाथरूम सगळं आलं, शिवाय मुलांचे बेड वरून खाली येणारे असतील तर रात्री चालायलाही जागा उरत नाही. कपडे कपाटात लावायचे आणि रिकामी बॅग बेडखाली सरकवायची, तिथे जागा असते, पण उघडी बॅग जमिनीवर ठेवून रोज त्यातून उपसत बसणं तिथे जमत नाही.

पाच जणांत दोन मोठ्या, एक मध्यम आणि माणशी एक पाठीवरची सॅक (छोटीला सोडून), एवढं पुरतं. मोठी कडक ट्रॉली रिकामीच ४ किलोच्या आसपास भरते, त्यामुळे ज्यांना पुण्याहून आधी मुंबई-दिल्लीचं वेगळं डोमेस्टिक तिकीट काढावं लागतं आणि त्यावर १५ किलोच चेक-इन मिळतं, त्यांचा चौथा हिस्सा नुसत्या बॅगेत जातो. म्हणून बॅग हलकी घ्या आणि जीन्स एकच घ्या, तीसुद्धा अंगावर घालून विमानात बसा.

कपडे दिवसांवर मोजू नका, कशाला लागणार त्यावर मोजा. दिवसा जहाजावर माणूस टीशर्ट-शॉर्ट्सवर असतो आणि तेच दुसऱ्या दिवशीही चालतं. मोठ्यांना दिवसाचे ४ टॉप, २ पँट, संध्याकाळचे २ जोड, एक ठेवणीतला, आणि पोहायचे कपडे मात्र दोन जोड, कारण एक ओला असताना दुसरा लागतो. सुती टीशर्ट घालून बऱ्याच जहाजांवर पूलमध्ये उतरू देत नाहीत, स्विमिंग कॉश्च्युमच हवा. तुमची धाकटी अजून डायपरवर असेल तर आधी विचारून घ्या, बऱ्याच जहाजांवर मोठ्या पूलमध्ये स्विम डायपरही चालत नाही, लहानांसाठी वेगळी जागा असते किंवा नसते. टॉवेल अजिबात नेऊ नका, केबिनमध्ये आणि पूलवर दोन्हीकडे मिळतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. टर्मिनलवर मोठ्या बॅगांना केबिन नंबरचा टॅग लावून त्या तुमच्याकडून घेतात आणि त्या थेट केबिनच्या दाराशी येतात, पण कधी, तर संध्याकाळी, कधी जेवणाची वेळ झाल्यावर. तुम्ही दुपारी १-२ वाजता जहाजावर चढलेले असता, पूल सुरू असतो, मुलं हट्ट करतात आणि कॉश्च्युम खालच्या कुठल्यातरी गाड्यावर बॅगेत असतो. म्हणून सॅकमध्ये पासपोर्ट, औषधं, चार्जर, पैसे, सगळ्यांचे पोहायचे कपडे आणि मुलांचा एक बदलायचा जोड ठेवा.

मुंबई-गोवा दोन-तीन रात्रींची क्रूझ आहे, सोलापूरहून ट्रेनने येणार. ट्रॉली आणू की सॅक? (सोलापूर)

सॅक, नाहीतर केबिन साइज ट्रॉली, बस. सिद्धेश्वर एक्सप्रेस पहाटे-सकाळी सीएसएमटीला पोचवते आणि चढायला दुपार होते, तोवर मोठी बॅग सांभाळत फोर्टमध्ये फिरणार का? क्लोक रूममध्ये ठेवता येते, पण छोटी असेल तर तेही करावं लागत नाही, जहाज सुटतं ते बॅलार्ड पिअर तिथून जवळच आहे. ओळखपत्र ओरिजिनल घ्या, हातात ठेवा. पुढे कधी लक्षद्वीपचा टप्पा असलेली घेतलीत तर तिथे जहाज समुद्रातच थांबतं आणि लहान बोटीने बेटावर नेतात, त्यासाठी पाण्याने भिजली तरी चालेल अशी पिशवी आणि मागे पट्टा असलेले सँडल घ्या. दारू तिथल्या बहुतेक बेटांवर चालत नाही आणि प्रवाळ उचलून आणणं हा गुन्हा आहे, मुलांना आधीच सांगून ठेवा.

फॉर्मल नाइटला गाऊन-सूट लागतो म्हणे. आम्ही साडी आणि कुर्ता-पायजम्यावर गेलो तर चालेल का? (नाशिक)

अगदी बिनधास्त जा. पैठणी नेसून जेवायला आलेल्या बाईला कुठल्याही जहाजावर कोणी अडवत नाही, उलट फोटोग्राफर आधी तुमच्याकडे येतो. ७ रात्रींत साधारण २ फॉर्मल रात्री असतात, ३-४ रात्रींत एक. एकच साडी न्या, पण चुरगळणारी नको, कारण इस्त्री नेता येत नाही, स्टीमर पण नाही, आगीच्या भीतीने जवळजवळ सगळ्या कंपन्या काढून घेतात आणि उतरताना परत देतात. सेल्फ-सर्व्हिस लाँड्री काही कंपन्यांकडे आहे, कार्निव्हल आणि प्रिन्सेसकडे असते, रॉयल कॅरिबियनकडे नाही, तिथे पैसे देऊन धुवायला-इस्त्रीला द्यावं लागतं. पुरुषांना सूट नेण्याची खरंच गरज नाही, नेहरू जॅकेट पुरतं. आणि त्या रात्री नटायचंच नसेल तर बुफेत जेवा.

दिवाळीत दुबईहून क्रूझ आहे. फराळ न्यायचा आहे, शिवाय सकाळी चहाला छोटी किटली. काय काय चालेल? (कोल्हापूर)

किटली नाही चालणार, इंडक्शन, राइस कुकर काही नाही, कारण इस्त्रीचंच. सर्ज प्रोटेक्टरवालं (वीज अचानक वाढली तर उपकरणं वाचवणारं) एक्स्टेंशन बोर्डही काढून घेतात, काही कंपन्या साधं बोर्डसुद्धा, त्याऐवजी दोन-चार यूएसबी पोर्टवाला चार्जर घ्या. गरम पाणी बुफेत मिळतं, थर्मास न्या.

फराळाचं मात्र नीट ऐका. घरचे पदार्थ जहाजावर न्यायला बऱ्याच कंपन्या नाही म्हणतात, दुकानातलं सीलबंद पाकीट असेल तर हरकत घेत नाहीत. म्हणून चिवडा-चकली पॅकबंद घ्या. आणि अनारसे अजिबात नेऊ नका! त्यावर खसखस असते आणि यूएईमध्ये खसखस बंदी असलेल्या पदार्थांत येते, तिथे अमली पदार्थांचा कायदा लागू होतो, सणाचा पदार्थ आहे म्हणून सूट नाही. सिंगापूरलाही खसखस नेऊ नका. घरचा गरम मसाला नेणार असाल तर त्यातही खसखस भाजून घातलेली असते, तो घरीच राहू द्या. नोव्हेंबरचा प्रवास असेल तर आईला-सासूला हे आत्ताच सांगा, कारण डबा भरून झाल्यावर त्यांना नाही म्हणणं फार जड जातं.

लेक सिएटलला आहे, ती आम्हाला जुलैत अलास्का क्रूझला नेणार आहे. थंडीचे कपडे किती? मी साडीच नेसते. (सांगली)

मावशी, जुलै तिकडचा उन्हाळा, अलास्कातल्या जुनो बंदरात दिवसा साधारण १०-१८ डिग्री. जाडजूड कोट नकोच, तो अर्धी बॅग खातो. थर घालायचे: आत थर्मल, वर लोकरीचा स्वेटर, त्यावर टोपीवालं वॉटरप्रूफ जॅकेट. केचिकन बंदरात पाऊस असतोच असं धरून चाला, आणि छत्रीवर भरवसा नको, डेकवर वाऱ्याने उलटी होते. हिमनदीसमोर जहाज थांबतं तेव्हा सगळे तासभर रेलिंगपाशी उभे असतात आणि बर्फावरून येणारा वारा कानात शिरतो, तेव्हा कानटोपी आणि हातमोजे लागतात, ते वजनाला काहीच नाहीत.

साडी जहाजावर खुशाल नेसा, परकराच्या आत थर्मल लेगिंग घाला. बंदरावर उतरायच्या दिवशी मात्र सलवार-कुर्ता आणि बूट, ओल्या लाकडी फळ्यांवर निऱ्या सांभाळत चालू नका. सुती कपडे कमी घ्या, केबिनमध्ये वाळत नाहीत, बाथरूममध्ये ओढायची दोरी असते तिच्यावर सिंथेटिक सकाळपर्यंत वाळतं. बाल्कनीच्या रेलिंगवर वाळत टाकू नका, उडून जातं. लेकीसाठी आणलेली पापड-लोणच्याची बॅग तिच्या घरी ठेवा, क्रूझला दोघांत एक मध्यम बॅग पुरते. सिएटलहून निघणारी जहाजं सहसा कॅनडात व्हिक्टोरियाला थांबतात, तेव्हा कॅनडाच्या व्हिसाचं लेकीला आत्ताच कंपनीकडे विचारायला सांगा, अमेरिकेचा व्हिसाही परत प्रवेश करता येईल असा हवा.

वडिलांना इन्सुलिन आहे आणि झोपताना श्वासासाठी सीपॅप मशीन. शेवटच्या रात्री बॅगा बाहेर ठेवायला सांगतात, तेव्हा काय करायचं? (ठाणे)

इन्सुलिन, मशीन आणि गोळ्या कधीही टॅग लावून दिलेल्या बॅगेत जाता कामा नयेत, ना चढताना, ना उतरताना, ना विमानात. विमानाच्या पोटातल्या गारठ्यात इन्सुलिन गोठून खराब होऊ शकतं. केबिनमधला छोटा फ्रीज कधी कधी नुसता गार असतो, तेव्हा चढल्याचढल्या मेडिकल सेंटरला विचारा. मशीन आहे हे क्रूझचं बुकिंग करतानाच कळवा, एक्स्टेंशन आणि डिस्टिल्ड वॉटर बऱ्याच कंपन्या देतात, कॅन वाहून नेऊ नका. गोळ्या मूळ स्ट्रिपमध्ये, प्रिस्क्रिप्शन इंग्रजीत, आणि ठरल्यापेक्षा चार-पाच दिवसांच्या जास्त. समुद्र लागू नये म्हणून अ‍ॅव्होमिन घेतात, पण ती आधी घ्यावी लागते आणि झोप आणते, त्यांच्या बाकी औषधांबरोबर चालेल का हे डॉक्टरांना विचारूनच.

शेवटच्या रात्री १०-११ च्या सुमारास बॅगा कॉरिडॉरमध्ये ठेवायच्या असतात, सकाळी टर्मिनलमध्ये मिळतात. बाहेर ठेवण्याआधी सकाळचे कपडे, चपला आणि पासपोर्ट बेडवर काढून ठेवा, दरवेळी कोणीतरी नाइट ड्रेसवर उतरतं. तुमच्याकडे माणशी एक हलकी ट्रॉली असेल तर बाहेर ठेवूच नका, स्वतः ओढत उतरायची सोय असते, त्यासाठी आदल्या दिवशी रिसेप्शनला सांगा. वडिलांना व्हीलचेअर हवी असेल तर तेही तेव्हाच सांगून टाका.