डुकरांमधला नवा विषाणू ओळखतात कसा?

तुम्ही विचारलंय, पाळीव किंवा रानडुकरांत एखादा नवाच विषाणू शिरला तर तो सापडतो कसा, मुळात त्याची चाचणी तरी असते का. मी पशुवैद्य आहे, काही वर्षं आसामात डुक्करपालकांबरोबर काम केलंय.

पीसीआर चाचणी नमुन्यात ठरावीक विषाणूचं जनुकीय द्रव्य शोधते, म्हणजे नाव घेऊन हाक मारणं. ज्याचं नाव घ्याल तोच ओ देणार. त्यामुळे पहिला सुगावा लागतो तो कुणाला तरी काहीतरी खटकतं तेव्हाच.

मलेशियात १९९८ मध्ये डुक्करपालकांना मेंदूज्वर होऊ लागला. डुकरं, डास आणि मेंदूज्वर म्हटल्यावर जपानी मेंदूज्वराचं निदान सगळ्यांना पटलं. धूरफवारणी झाली, लसी टोचल्या. पण जपानी मेंदूज्वर मुलांना जास्त होतो आणि इथे आजारी पडत होते डुकरांत राबणारे धडधाकट पुरुष, त्यातले काही तर लस घेतलेले. शिवाय डुकरंच खोकत होती, भुंकल्यासारखं, दूरवर ऐकू जाईल असं. जपानी मेंदूज्वरात गाभण डुकरीण मेलेली पिल्लं टाकते, असा खोकला नसतो. अखेर मार्च १९९९ मध्ये मलाया विद्यापीठात चुआ काव बिंग यांनी रुग्णाच्या नमुन्यातून निराळाच विषाणू वेगळा केला. तोच निपाह. त्या साथीत १०५ माणसं गेली, दहा लाखांवर डुकरं मारावी लागली.

रोजची पाहणी साधी असते. डुक्कर धरलं की किंचाळून शेड डोक्यावर घेतं, म्हणून रक्त काढण्याऐवजी जाड सुती दोर टांगतात. अर्ध्या तासात कळपातली बहुतेक डुकरं तो चावून लाळेने थबथबवतात. मग दोर पिशवीत पिळायचा, लाळ नळीत भरायची आणि बर्फात ठेवून प्रयोगशाळेत पाठवायची. ओळखीचं काहीच निघालं नाही आणि शंका जात नसेल, तर नमुन्यातलं सगळं जनुकीय द्रव्य वाचून काढतात.

रानडुकरांत मेलेलं जनावर हाच सर्वात मोलाचा नमुना. आफ्रिकन स्वाईन फीव्हर हा डुकरांचा जीवघेणा विषाणूजन्य रोग शिकार केलेल्यापेक्षा आपोआप मेलेल्या डुकरात सापडण्याची शक्यता कितीतरी जास्त. देह सडला तरी लांब हाडातल्या मज्जेत विषाणूचा डीएनए मिळतो.

हाच रोग २०२० मध्ये आसामात आला. ताप, जांभळे पडलेले कान, पटापट मरणं, सगळं जुन्या क्लासिकल स्वाईन फीव्हरसारखंच, नजरेने फरक कळत नाही. भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेतल्या तपासणीनंतर मे महिन्यात तो जाहीर झाला. पुढे एका घरी आजारी डुकरीण दाखवण्याआधी त्या बाईंनी मला विचारलं, "डॉक्टर, बाकीची पण मारणार का?" मुलीची फी त्या डुकरांवरच होती. भरपाई वेळेवर हातात पडली नाही तर असा माणूस आजारी डुक्कर गुपचूप विकतो, आणि विषाणू बाजारात पोचतो. माझ्या मते पाहणीतला सगळ्यात कच्चा दुवा हाच आहे.

आपल्याकडे बांधावर रानडुक्कर मेलेलं दिसलं की पिकाची पीडा गेली म्हणून लोक सुटकेचा श्वास टाकतात. आफ्रिकन स्वाईन फीव्हर माणसाला होत नाही, पण ते कशाने मेलं हे तुम्हाला ठाऊक नसतं. हात लावू नका, कुत्र्यांना खाऊ देऊ नका. लांबून फोटो काढा आणि वनरक्षकाला व जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याच दिवशी कळवा.