भरवल्यानंतर माज दिसला नाही म्हणून लगेच पीजी देऊ नका

भाऊ, तुम्ही लिहिलंय की एचएफ संकरित गाय, दुसरं वेत, विऊन पाच महिने झाले. अडीच महिन्यांपूर्वी एकदा भरवली (रेतन केलं), तेव्हापासून माज दिसलेला नाही. शेजारचे म्हणतात, पीजीचं इंजेक्शन मारा, तीन दिवसांत माजावर येईल.

कृपा करून आधी गाभण तपासणी करून घ्या. भरवल्यावर माज न दिसण्याचं सगळ्यात साधं कारण गाय गाभण असणं हेच असतं, आणि तुमच्या लिहिण्यात तपासणीचा उल्लेख कुठेच नाही. अडीच महिन्यांचा गर्भ अंडाशयावरच्या पीतपिंडाच्या जिवावर टिकून असतो. पीतपिंड म्हणजे अंडं सुटल्यावर तिथे तयार होणारी गाठ, ती गर्भ टिकवणारं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक बनवते. पीजी म्हणजे प्रोस्टाग्लँडिन नेमका तोच पीतपिंड विरघळवतं. पुढच्या काही दिवसांत गाय गाभडते आणि मालकाला वाटतं, ‘माजावर आली’. एवढ्या दिवसांचा गाभ डॉक्टर हातानेच सांगतात, सोनोग्राफीवाचून अडत नाही.

गाय रिकामी निघाली, तर त्याच वेळी अंडाशयंही चाचपून घ्यायला सांगा. पुढचं सगळं त्यावर ठरतं.

एका अंडाशयावर उंचवटा लागला, म्हणजे पीतपिंड आहे, तर गाईचं चक्र चालू आहे. ती माजावर येतेय, फक्त तुम्हाला दिसत नाहीये. संकरित गाईत मुका माज फार, त्यात बऱ्याच गाई रात्रीच माज दाखवतात. अशा गाईला पीजी लागू पडतं आणि साधारण दोन ते पाच दिवसांत माज येतो. मात्र माजानंतरच्या पहिल्या पाच दिवसांत पीतपिंड कोवळा असतो, तेव्हा दिलेलं इंजेक्शन वाया जातं. म्हणून काहीजण अकरा ते चौदा दिवसांनी दुसरं देतात.

अंडाशयं लहान, गुळगुळीत आणि कडक लागली तर मात्र पीजीचा काडीचाही उपयोग नाही. विरघळवायला तिथे काहीच नाही. ही गाय दुधात जेवढं ओतते तेवढं तिला चाऱ्यातून मिळत नाहीये. अंगावरची चरबी उतरली की मेंदूकडून अंडाशयाला जाणारा इशाराच मंदावतो. आपल्याकडे ऊसपट्ट्यात नुसत्या वाढ्यांवर, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांवर, गोठे चालतात. वाढ्यांतलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं, त्यामुळे तिथे खनिज मिश्रण चुकवून चालतच नाही. जंतनाशक, मुरघास किंवा मका, पेंड आणि रोज खनिज मिश्रण हे आधी महिनाभर नीट करा. बरगड्या झाकायला लागल्या की मग डॉक्टर प्रोजेस्टेरॉनचं साधन योनीमार्गात सात ते नऊ दिवस बसवतील. ते काढलं की रक्तातलं प्रोजेस्टेरॉन एकदम खाली येतं आणि चक्र सुरू व्हायला धक्का मिळतो. उपाशी गाईत हेच साधन बसवून पैसे घालवलेले गोठे मी पुष्कळ पाहिलेत. वार अडकली असेल किंवा सोट (योनीतून येणारा चिकट स्राव) पांढुरका, वास मारणारा येत असेल, तर साधन बसवायचंच नाही. आधी गर्भाशयाचा उपचार.

तुम्ही ओव्हसिंकबद्दलही विचारलंय, म्हणजे इंजेक्शनं देऊन ठरलेल्या वेळी रेतन करायची पद्धत. ही पद्धत अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात तयार झाली आणि 1995 मध्ये प्रसिद्ध झाली. पहिल्या दिवशी जीएनआरएच (अंडं सुटायला लावणारं संप्रेरक), सात दिवसांनी पीजी, त्यानंतर दोन दिवसांनी पुन्हा जीएनआरएच आणि 16 ते 20 तासांनी रेतन. माज ओळखायची गरजच नाही, हा हिचा खरा फायदा. पण एखादं इंजेक्शन दिवसभर पुढे ढकललं तर सगळं गणित मोडतं, म्हणून डॉक्टर वेळेवर येणार असतील तरच या वाटेला जा. दुभत्या गाईंत ती शंभरात तीस-चाळीस गाभण राहाण्याच्या हिशोबाने धरा.

माज बघायला पहाटे धारेआधी आणि रात्री उशिरा, गाई निवांत असताना, पंधरा-वीस मिनिटं गोठ्यात थांबा. काचेसारखा लोंबणारा सोट किंवा शेपटीला चिकटून सुकलेली पापडी शोधा. कधी कधी शेपटीवर किंचित रक्त दिसतं. ते दिसलं की माज होऊन दोनेक दिवस झाले, आता भरवून उपयोग नाही. तारीख लिहा आणि सतराव्या दिवसापासून डोळ्यात तेल घालून बघा. त्या गाईला बहुतेक वेळा औषधच लागत नाही.

पीजीची बाटली घरी आणून ठेवू नका. ते कातडीतून शरीरात जातं. घरातली गरोदर बाई किंवा दम्याचा माणूस त्याला हात लावणार नाही, हे पक्कं बघा. डॉक्टर काय म्हणाले, अंडाशयावर काय लागलं, ते इथे लिहा. पुढचं बघू.